वरचं पाणी

विलास शेजारच्या घराच्या कुलपात किल्ली फिरवतोय, हे चित्राने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा तिला आधी हसूच आलं. कॅनडातल्या मिल्टनच्या त्या वस्तीत सगळी घरं एका साच्यातून काढलेली. तीच तपकिरी वीट, तेच दोन गाड्यांचं गराज, ड्राइव्हवेच्या कडेला तेच काडीएवढं मेपल. पहिल्या हिवाळ्यात अर्ध्या गल्लीने एकमेकांच्या दारांत किल्ल्या घातल्या होत्या, आणि खुद्द चित्राने एकदा भर बर्फात शेजाऱ्यांचा ड्राइव्हवे शोव्हल करून मग कपाळावर हात मारून घेतला होता. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं. तिने खिडकी सरकवली आणि हाक मारणार एवढ्यात शेजारचं दार आतून उघडलं. राजन, हातात कॉफीचा मग, घरातल्या कपड्यांत. विलास त्याला अगदी शांतपणे, अगदी सभ्यपणे मराठीत म्हणाला, "तुम्ही आमच्या घरात काय करताय?" राजन मूळचा कोइम्बतूरचा, त्याला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तो मोठ्याने हसला आणि "राँग हाउस, विलास!" म्हणून त्याने खांद्यावर थाप मारली. मग विलासही हसला. पण ती थाप आणि ते हसू यांच्यामध्ये एक क्षण गेला, आणि त्या क्षणात विलासच्या चेहऱ्यावर कोणीच नव्हतं. चित्राला ते स्पष्ट दिसलं. तो घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, "काय गं, चहा टाकलास का?" तिने चहा टाकला.

त्या दिवसापासून तिची नजर त्याच्यावरून हटेना. मन चिंती ते वैरी न चिंती, हे तिला पटत होतं, तरी मन चिंतायचं थांबत नव्हतं. विसरणं तर काय, साठीत कोण विसरत नाही? ती स्वतः फ्रिज उघडून उभी राहायची आणि काय घ्यायला आलो ते तिला आठवायचं नाही. पण विलास कधीकधी फ्रिजकडेच असा बघायचा की ही वस्तू इथे कोणी आणून ठेवली. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला एका जुन्या मित्राचं नाव त्याला आठवेना, तर चित्राने पुढे होऊन बोलण्याच्या ओघात ते नाव त्याला पुरवलं. हायवेवरची नेहमीची एक्झिट मागे गेली, तर म्हणाली, "बरंच झालं, नाहीतरी ग्रोसरी करायचीच होती." झाकली मूठ सव्वा लाखाची. हे झाकायचं काम तिला इतकं सफाईने जमायला लागलं की तिची तिलाच भीती वाटली. त्यांची मुलगी ईशानी व्हँकूव्हरला असते. ती फोनवर म्हणाली, "मॉम, जस्ट टेक हिम टू द डॉक्टर. इट्स अ सिंपल मेमरी टेस्ट. दे आस्क यू टू ड्रॉ अ क्लॉक." चित्राने अपॉइंटमेंट घेतली आणि दिवस जवळ आल्यावर रद्द केली. घड्याळ काढायला सांगणार, विलासला! विंडसरच्या मोटार कारखान्यात ज्याचा जन्म इंजिनांची ड्रॉइंग्ज काढण्यात गेला, त्याला! तिला संताप आला होता, आणि संताप ओसरल्यावर तिला कळलं की तो संताप नव्हता. त्याला घड्याळ काढता आलं नाही तर, एवढीच ती गोष्ट होती.

म्हणून विलासने जेव्हा डोंगराचा विषय काढला तेव्हा तिने नेहमीसारखं नाक मुरडलं नाही. रिटायर होऊन मिल्टनला आल्यापासून तो कॉम्प्युटरवर डोंगर बघत बसायचा. आकाशातून काढलेले फोटो, त्यांवर बोट फिरवत घळी, सोंडा, खिंडी मराठीत पुटपुटायचा. ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या कोरड्या भागात त्याला सॅडलर माउंटन नावाचा एक उघडाबोडका डोंगर सापडला होता. "कॅनडात कुठलं आलंय वाळवंट?" चित्राने विचारलं. "अगं, सोपं आहे. कोकणात पाऊस कोसळतो, घाट चढता चढता ढग रिकामे होतात आणि पलीकडे माणदेश कोरडा राहतो. तिकडेही समुद्राकाठी व्हँकूव्हर, मधे डोंगर, पलीकडे हा माणदेश." सांगताना त्याचे डोळे असे चमकले की पुण्यातला तो जुना विलास समोर बसलाय असं तिला वाटलं. तरुणपणी त्याने दर शनिवार-रविवार ट्रेकच्या ग्रुपचा लीडर म्हणून सह्याद्री पालथा घातला होता. वाट त्याच्या पायांना कळायची, असं मित्र म्हणायचे. आणि तिथेच चित्राने मनाशी एक सौदा केला. डॉक्टरची परीक्षा नको, ही परीक्षा घेऊ. डोंगरावर विलास कधी चुकलेला नाही. तो या डोंगरावर चुकला नाही, वर नेऊन नीट खाली घेऊन आला, तर काही झालेलं नाही. मग ती शेजारचं दार विसरून जाणार होती. हा सौदा वेडेपणाचा आहे हे तिला कळत होतं, पण नवस तरी शहाणपणाचे कुठे असतात?

आता ती त्या डोंगराच्या सोंडेवर होती आणि पुढे विलासची पाठ होती. ऑगस्टचं ऊन सकाळीच भाजत होतं. पायाखाली राखाडी, ठिसूळ माती, गुडघ्याएवढी सेजची करडी झुडपं, हात लागला की कडवट वास बोटांना चिकटून राहणारी. मधूनमधून जमिनीलगत निवडुंग. उत्तरेकडे कुठेतरी जंगलं जळत होती, आठवडाभर रेडिओवर तेच चाललं होतं, आणि तो धूर इथवर येऊन आकाशाला पिवळट करून बसला होता. सूर्याकडे सरळ बघता येत होतं, हे चित्राला मुळीच आवडलं नाही. सूर्याकडे असं बघता येऊ नये. पक्षी नव्हते. टोळ होते, पाऊल पडलं की कर्र करून उडायचे, आणि प्रत्येक वेळी ती दचकायची. काल रात्री ज्या मोटेलात उतरले तिथल्या बाईने किल्ली परत घेताना विचारलं होतं, कुठे निघालात? सॅडलर म्हटल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "देअर्स नथिंग अप देअर, हन." ती तसं सहजच म्हणाली असेल. पण ते शब्द चित्राच्या कानात बसले होते, आणि चढाच्या प्रत्येक वळणावर ते तिला पुन्हा ऐकू येत होते.

पण विलास! विलासला बघून तिचा जीव सुपाएवढा होत होता. तो घाई करत नव्हता, दमत नव्हता. गुरांच्या पायवाटा फुटल्या की क्षणभर थांबायचा, डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा आणि बरोबर तीच वाट धरायचा जी पुढे मोडत नव्हती. जिथे वाट फिरेल तिथे दगडावर दगड ठेवून खूण करायचा. "उतरताना डोंगर वेगळा दिसतो," तो मागे न वळता म्हणाला, "म्हणून चढतानाच मागे बघून ठेवायचं." हे त्याने तिला लग्नानंतर तुंगच्या किल्ल्यावर सांगितलं होतं, त्याच शब्दांत. तो तिचा एकुलता एक ट्रेक. नव्या नवरीला कौतुकाने घेऊन गेला, आणि ती पायऱ्यांवर बसून रडली होती की मला खाली न्या. त्याचे मित्र हसले, तो हसला नव्हता. पुढे विंडसरला आले तर तिथे डोंगर सोडा, टेकाडसुद्धा नाही. सपाट जमीन, नदी, पलीकडे डेट्रॉइटच्या इमारती. शहराच्या कचऱ्यावर माती टाकून केलेली एक टेकडी होती, तिथे पोरं बर्फात घसरगुंडी खेळायची. हा दर रविवारी पाठीवर सॅक लावून ती टेकडी चढायचा आणि उतरायचा, पुन्हा चढायचा. लोक बघायचे. चित्राला लाज वाटायची, ती गाडीत बसून राहायची. आज मात्र तिला वाटलं, बरं झालं चढत राहिला. पाय शाबूत राहिले. पाय शाबूत असले की माणूस शाबूत असतो, असं तिने ठरवून टाकलं.

तरी तिची खात्री पटत नव्हती. ती मधूनच काहीतरी विचारायची, अगदी सहज विचारल्यासारखं. ईशानीचा जन्म झाला त्या रात्री आपण कुठल्या रिक्षेने गेलो, आठवतं? रिक्षा नव्हती, नंदूची स्कूटर होती, तो म्हणाला, आणि तू मागे बसून मला शिव्या देत होतीस. बरोबर. विंडसरच्या घराचा रंग? हिरवा, तुला आवडत नव्हता. बरोबर. प्रत्येक उत्तराला तिच्या छातीवरचं एकेक वजन उतरत होतं. वाटेत एक मोठा पाइन लागला, बुंधा नारिंगी, खालची साल जुन्या आगीत काळी पडलेली. त्याच्या सावलीत ते टेकले. विलासने पाण्याचे दोन घोट घेतले, तिला दिले, आणि झाडाच्या सालीला नाक लावून म्हणाला, "केकचा वास येतो बघ." खरंच येत होता. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "परीक्षा घेतेयस का माझी?"

चित्राने बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. "छे हो, काहीतरीच काय!"

"बरं." तो बुटाची नाडी पुन्हा बांधत राहिला. नीट गाठ मारली, मग दुसऱ्या बुटाची. "वर पोचलो ना, की एक बोलायचंय तुझ्याशी. इथे नको. वर."

"काय बोलायचंय?"

"वर म्हटलं ना."

तिला कळलं. म्हणजे काय बोलायचंय ते कळलं. इतके महिने ती झाकत होती आणि तोही झाकत होता, एका घरात दोघं आपापल्या मुठी घट्ट मिटून वावरत होते, आणि त्याने तिला इतक्या लांब, विमानाने, भाड्याच्या गाडीने, या धुरातून इथे आणलं होतं ते हे सांगायला. ज्या जागी आपण पक्के असतो त्या जागी उभं राहून सांगायचं, म्हणजे सांगताना आवाज फुटत नाही. तिला एकदम त्याची माया आली, इतकी की तिने हात पुढे करून त्याच्या मानेवरचा घाम पदराने पुसावा तसा बाहीने पुसला. ती घाबरलेली होती, पण एकटी नव्हती. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिला एकटं वाटलं नाही. काही असो, तो सांगेल, मी ऐकेन, मग आपण दोघं उतरू आणि डॉक्टरकडे जाऊ, आणि काढेल तो ते घड्याळ जसं जमेल तसं. ती उठली तेव्हा तिच्या पायांत बळ आलं होतं.

पाइन संपले. वर जळलेल्या झाडांचे खांब होते, रुपेरी, फांद्या नसलेले, आणि वारा सुटला की त्यांतून बारीक शीळ निघत होती. तेही संपले. मग फक्त खडी, वाळकं गवत आणि उतरणीचा तो अफाट करडा पसारा. मागे वळून पाहिलं तर ज्या रस्त्यावर गाडी ठेवली होती तो धुरात बुडून गेला होता. गाडीत डिकीत पाण्याच्या बाटल्यांचं अख्खं खोकं होतं. विलासने सकाळी त्यातल्या थोड्याच घेतल्या होत्या. "एवढं ओझं कशाला? वर आहे की." नकाशावर शिखराच्या पलीकडे एक निळा ठिपका होता, बोटाच्या टोकाएवढा. त्याने तिला दाखवला होता. "हे बघ, टाकं." चित्राने विचारलं होतं, "इथे हो कोण बसलंय टाकं खोदायला?" तर हसला होता. "अगं, माणदेशात प्यायला पाणी नाही, पण वर्धनगडावर आहे, महिमानगडावर आहे. गड म्हटला की वर पाणी." हे तिला माहीत होतं. पुण्यात वाढलेल्या कोणालाही माहीत असतं. खाली विहिरी आटतात आणि वर कातळात कोरलेल्या टाक्यांत भर वैशाखात गार पाणी असतं. तुंगवर रडून झाल्यावर तिने ते प्यायलं होतं, ओंजळीने, आणि त्या पाण्याने तिचं डोकं गार झालं होतं. म्हणून सकाळी ती पुढे काही बोलली नाही.

शिखराच्या खांद्यावर पोचले तेव्हा विलास थांबला आणि त्याने हात वर केला. "ते बघ!" पलीकडच्या खळग्यात, खाली फार लांब नाही, काहीतरी चकाकत होतं. पिवळ्या उजेडात पांढरट निळं. पाणीच. चित्राला इतका आनंद झाला की ती लहान मुलीसारखी ओरडली. विलासने सॅक खाली ठेवली, बाटल्या काढल्या. त्यांतलं पाणी उन्हाने कोमट झालेलं, प्लास्टिकचा वास मारणारं. त्याने एका बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी सरळ जमिनीवर ओतलं. मग दुसरी. खाली ठेचलेल्या गवतावर पाणी पडलं आणि लगेच दिसेनासं झालं. तुंगवरही असंच केलं होतं सगळ्यांनी. माथा आला, टाकं दिसलं की बाटल्यांमधलं शिळं पाणी ओतून टाकायचं, उरलेलं एकमेकांच्या डोक्यावर, आणि ताजं भरायचं. ती रीत होती, तो आनंद होता. "तुझी दे," विलास म्हणाला. तिच्या हातातली बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. क्षणभर, अगदी क्षणभर तिची बोटं आवळली गेली. पण त्याच्या आवाजात इतका विश्वास होता! जो आवाज ऐकायला ती इथवर चढून आली होती तोच हा आवाज. नक्की ना, एवढं विचारलं असतं तर ती पुन्हा परीक्षाच झाली असती. तिने बाटली दिली. त्याने तिच्या ओंजळीत थोडं ओतलं, तिच्या कपाळावर शिंपडलं, बाकीचं ओतून टाकलं, आणि दोघंही हसली.

शिखरावर दगडांचा एक ढिगारा होता आणि वारा होता. चारी बाजूंना डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक, सगळ्या करड्या, शेवटची कुठली ते धुरामुळे कळत नव्हतं. कुठे घर नाही, धूळ उडवत जाणारी गाडी नाही, आवाज नाही. चित्राला ते सुंदर वाटायला हवं होतं. तिला वाटलं, इथे आपल्याला काही झालं तर या सगळ्याच्या हे गावीही नसेल. तिच्या जिभेला कोरड पडायला लागली होती. "बोला," ती म्हणाली. "वर आलो. काय सांगणार होतात?"

विलासने तिच्याकडे पाहिलं, हसला. "आधी पाणी पिऊ."

खळग्यात उतरायला सोपं होतं. अर्ध्यावर आल्यावर वास आला. कुजलेल्या अंड्यांचा, मंद, मग वाऱ्याबरोबर जोराचा. जवळ गेल्यावर दिसलं की पाणी मधेच तेवढं आहे, बशीसारखं उथळ, आणि त्याच्याभोवती रुंद पांढरा पट्टा. चित्राने त्या पांढऱ्यावर पाय ठेवला. वरचा थर करकरून फुटला आणि आतल्या काळ्या चिखलात बूट गेला. तिने बोटाने तो थर उचलला, जिभेच्या टोकाला लावला आणि थुंकली. पापडखार. लहानपणी आईच्या डब्यातला चोरून चाटला होता तेव्हा जी जीभ पोळली होती ती या वयात पुन्हा पोळली. काठाला एक हाडांचा सापळा होता, हरणाचा असावा, तोंड पाण्याकडे. "अहो," ती म्हणाली, "अहो, हे पाणी नाहीये."

विलास पार पुढे गेला होता. चिखलात गुडघे टेकून तो हाताने वरची साय बाजूला सारत होता, हलकेच, दोन्ही तळव्यांनी, टाक्यावरचं शेवाळ बाजूला करतात तसं. "थांबायचं जरा," तो म्हणाला. "वरचं गढूळ असतं. खाली गार असतं." त्याने ओंजळ भरली. चित्रा धावली, एक बूट चिखलातच राहिला, आणि तिने त्याच्या हातावर फटका मारला. तरी एक घोट गेलाच. तो खोकला, थुंकला, पुन्हा खोकला, डोळ्यांतून पाणी आलं. तिने त्याला काखेत हात घालून मागे ओढलं, कोरड्या गवतावर बसवलं, त्याची पाठ चोळत राहिली. "उठा, चला, गाडीत पाणी आहे, चला ना." बराच वेळ त्याचा श्वास जागेवर येत नव्हता. मग आला. त्याने तोंड पुसलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे पाहिलं. तोच सभ्यपणा होता, तोच शांतपणा होता. "तुमच्या ग्रुपकडे आहे का हो थोडं पाणी?" त्याने विचारलं. "आमचं संपलं वाटतं."

चित्राला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. वाऱ्यात शब्द मोडून येतात. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिला सगळं कळलं. खिडकीतून जे एका क्षणासाठी दिसलं होतं ते आता हसत नव्हतं, सरत नव्हतं, तिच्यासमोर गवतावर बसून होतं. इतकी वर्षं ती त्याला अहो-जाहो करत आली, आणि आज तो तिला करत होता. "अहो, मी चित्रा," ती म्हणाली. तो संकोचला. एखाद्या अनोळखी बाईला वाईट वाटू नये अशा बेताने मान हलवली. तिने त्याचा हात धरला, दोन्ही हातांनी, घट्ट, आणि ओढला. "उठा हो. माझ्यासाठी उठा." त्याने दुसऱ्या हाताने तिची बोटं एकेक करून सोडवली. "असं नका करू, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "माझी माणसं मागे आहेत. ती आल्याशिवाय मला हलता येणार नाही. लीडर शेवटी उतरतो."

ती रडली. लाज न बाळगता, तोंड उघडं टाकून रडली, आणि मग हेही लक्षात आलं की डोळ्यांतून काही येत नाहीये. ओठ फुटले होते. फोन काढला, त्यावर रेंज नव्हती, सकाळपासून नव्हती. ईशानी संध्याकाळपर्यंत वाट बघेल, मग कोणाला तरी कळवेल, मग उद्या कोणीतरी येईल. उद्या. ऊन अजून उतरलं नव्हतं. एकटी खाली जाऊन पाणी आणावं, तर हा इथे राहील का? आणि तिला वाट सापडेल का? चढताना मागे वळून बघायला त्याने सांगितलं होतं, आणि ती सगळा वेळ त्याच्याकडेच बघत आली होती. वाट फक्त त्याच्याजवळ होती. आणि जो वर पोचल्यावर तिच्याशी बोलणार होता तो तिला इथे सोडून निघून गेला होता, काय बोलायचं होतं ते तसंच बरोबर घेऊन. तिला त्याचा राग आला. इतका राग आयुष्यात आला नव्हता. एक वाक्य, फक्त एक वाक्य पाइनच्या सावलीत बोलला असता तर काय बिघडलं असतं! ती तिथेच चिखलातला बूट शोधायला गेली, ओढून काढला, ओला बूट पायात घातला, आणि ते करता करता राग निघून गेला. आता मागे उरलं ते साधं काम होतं. हा माणूस बायकोचं ऐकून उठणार नव्हता, कारण त्याची बायको इथे नव्हती.

ती परत येऊन त्याच्यापासून जरा लांब उभी राहिली. केस सारखे केले. घसा सुकला होता, आवाज नीट निघेना.

"ऐकलंत का," ती म्हणाली. "माझी वाट चुकलीय. मी एकटीच आहे. मला खाली रस्त्यापर्यंत सोडाल का?"

विलासने मान वर केली. तिच्या ओल्या बुटाकडे पाहिलं, फुटलेल्या ओठांकडे पाहिलं. "एकट्याच? कोणी आणलं तुम्हाला इथे?"

"आले होते कोणाबरोबर तरी. ते पुढे निघून गेले."

"असं कसं जातात पुढे?" तो खरोखर चिडला. हात टेकून उठला, गुडघ्यांवरचा चिखल झटकला, सॅक पाठीवर घेतली. एकदा मागे, शिखराकडे बघून घेतलं. "माझी माणसं थांबतील. शहाणी आहेत. तुम्ही माझ्या मागे राहा. मी जिथे पाय ठेवीन तिथेच ठेवायचा. बोलायचं नाही, तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायचा, म्हणजे घसा कमी सुकतो."

तो निघाला आणि वाट बरोबर होती. खळग्यातून खांद्यावर, खांद्यावरून सोंडेवर, कुठेही न अडखळता. जळक्या झाडांच्या खांबांमधून तो तिला घेऊन आला. मधेच थांबून तिला सावलीत बसवायचा, पुरेसं झालं की उठवायचा. त्याचं आता काहीही चुकत नव्हतं, आणि चित्रा त्याच्या पाठीकडे बघत चालत होती. ही पाठ तिची होती, हा मानेवरचा तीळ तिचा होता, चालताना उजवा खांदा किंचित खाली जायचा तो खांदा तिचा होता. तिला हाक मारायची नव्हती. हाक मारली तर तो थांबेल, ही भीती होती.

एका कातळाशी वाट तुटून खाली उतरत होती. विलास आधी उतरला, वळला, आणि तिने पाय कुठे ठेवायचा ते बोटाने दाखवलं. तिने कातळ दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "घरी कोणी वाट बघतंय का तुमची?"

"हो," चित्रा म्हणाली. "मिस्टर आहेत."

"मग पोचायलाच हवं तुम्हाला," विलास म्हणाला, आणि कोणाही परक्या बाईला द्यावा तसा त्याने तिला हात दिला.